साडेपाच किलो वाळू

धप्प असा आवाज झाला, आणि काय पडलं ते बघायच्या आधी तिनं दाराकडे बघितलं. कुणी पाहिलं का? दारात कुणी नव्हतं. पुतळा आपल्या जागी उभा होता, मूल पाठीवर घेतलेली बाई उभी राहते तसा कमरेत किंचित वाकून, आणि त्याच्या पाठीवरचं फडकं रिकामं लोंबत होतं. वाळू भरलेली बाहुली फरशीवर उताणी पडली होती. साडेपाच किलोची. तीन महिन्यांच्या मुलाचं वजन साधारण एवढं धरा, असं प्रमुख बाईंनी सांगितलं होतं, आणि तिनं स्वतः काट्यावर मूठमूठ वाळू घालून ते बरोबर आणलं होतं. कारण आत खरं वजन असल्याशिवाय फडक्याला खऱ्या चुण्या पडत नाहीत, आणि खोट्या चुण्या तिनं संग्रहालयाच्या तीस वर्षांच्या नोकरीत कधी लावल्या नव्हत्या. ती चटकन खाली वाकली. एक हात बाहुलीच्या बुडाखाली घातला, दुसरा मानेखाली. वाळूला कसली आलीय मान? तिचं तिलाच हसू आलं, पण मानेखालचा हात तिनं काढला नाही.

“बाई, कोण पडलं?” शेजारच्या खोलीतून पुतळे करणारा सुतार ओरडला.

“कोण नाही. काय पडलं म्हणा,” ती म्हणाली. “बाहुली.”

सुतार हातातला पॉलिश कागद तसाच घेऊन दारात आला. त्याला बोलायला निमित्तच हवं असे. “मला एक कळत नाही बघा. माणसाला दोन हात दिलेत, कड दिलीय. तरी सगळ्या जगानं या एवढ्या झोळ्या, टोपल्या, फळ्या करून ठेवल्यात. काखेत कळसा नि गावाला वळसा!”

“हातांना दुसरी कामं असतात म्हणून.”

“तेही खरंच. आमच्या हिला विचारा,” असं म्हणून तो गेला. खरखर पुन्हा सुरू झाली. तिनं बाहुली टेबलावर ठेवली, मधोमध, काठापासून दोन्ही बाजूंनी सारखी लांब. मग आणखी थोडी मध्ये सरकवली.

सोमवारी प्रदर्शन उघडणार होतं. लेकरू वाहून नेण्याच्या जगभरच्या तऱ्हा. लांबलचक टेबलांवर त्या सगळ्या पांढऱ्या कागदात निजल्या होत्या. बर्फाळ मुलखातल्या आईचा कोट होता, त्याला मागं भलीमोठी पिशवी. मूल आत उघडंच आईच्या पाठीला चिकटायचं आणि दोघांचं अंग एकमेकांना ऊब द्यायचं. एक फळी होती, पुढे लाकडी कमान असलेली. मुलाला तिच्यावर आवळून बांधायचं नि फळी झाडाला टेकवून कामाला लागायचं. पडलीच तर कमान आधी जमिनीला टेकेल, मुलाचं तोंड नाही. म्हणजे पडण्याचा विचार कुणीतरी आधीच केला होता. पडतं, हे धरूनच चाललं होतं. त्या कमानीवरून हात फिरवताना तिला त्या अनोळखी माणसाचा हेवा वाटला होता. जाळीची पिशवी होती, तिचा पट्टा कपाळाला अडकवून मूल मागं सोडायचं. आणि या सगळ्यांच्या वर भिंतीवर लावायचा एक फार जुना फोटो होता. आठ-नऊ वर्षांच्या पाच मुली, प्रत्येकीच्या पाठीवर बांधलेलं भावंड, आणि मुली चेंडू खेळतायत. एकीचे दोन्ही पाय जमिनीवरून उचललेले. तिच्या पाठीवरचं मूल मान टाकून झोपलेलं. प्रमुख बाईंना हा फोटो फार गोड वाटत होता. “किती निर्धास्त आहेत बघा ना!” त्या म्हणाल्या होत्या. तिनं भिंग लावून त्या उडी मारणाऱ्या मुलीच्या छातीवरची गाठ बघितली होती. दिसली नव्हती. फोटो तिथंच नेमका पुसट होता.

सकाळी मुलीचा फोन आला होता. “आई, सांभाळणाऱ्या बाईंनी ऐनवेळी टांग दिलीय. चारला माझी मुलाखत आहे. ही नोकरी गेली तर पुन्हा वर्षभर घरी, तुला माहितीये. मामा सोडतोय मला. तुझ्या इथून दोन चौक पुढेच आहे ते ऑफिस. ठमीला तुझ्याकडे ठेवते. दोनच तास.” मग जरा थांबून, वेगळ्या आवाजात, “घेशील ना तिला?” घेशील ना! आईनं आजीला विचारायचा हा प्रश्न आहे का? पण विचारण्यासारखी वेळ तिनंच आणली होती. नात तीन महिन्यांची झाली, पण उभ्यानं तिनं तिला एकदाही घेतलं नव्हतं. पलंगावर बसून, चारी बाजूंनी उशा लावून, भिंतीला पाठ टेकवून मांडीवर घ्यायची, तेही थोडा वेळ. मग “कंबर धरलीय गं”, “हात गार आहेत माझे”, “सर्दी आहे”. हे बहाणे मुलीच्या लक्षात येत नव्हते थोडेच. मागच्या रविवारी ती भांडी पुसता पुसता म्हणाली होती, “आई, तुला ठमी आवडत नाही का? नसेल आवडत तर तसं सांग. मी पुन्हा नाही विचारणार.” रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. पुन्हा नाही विचारणार म्हणाली होती, आणि आज विचारलं होतं; म्हणजे ही शेवटची खेप होती, हे तिला पक्कं कळलं होतं.

स्वतःच्या मुलीलाही तिनं कुठं उचललं होतं? बाबागाडी होती. आणि आई होती. मूल रडलं की तिची आई स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत यायची, पदराला हात पुसत, “दे इकडे, तू बस” म्हणत मूल काढून घ्यायची. तिनं मागायच्या आधी. जिना उतरायचा असला की “दे इकडे”. रस्ता ओलांडायचा असला की “दे इकडे”. नातेवाईक म्हणायचे, काय ही आजीची हौस, आईच्या वाट्याला पोर येऊच देत नाही. तिलाही ती हौसच वाटली होती. आईला जाऊन आता अकरा वर्षं झाली, आणि दे इकडे म्हणणारं कुणी उरलं नाही.

घड्याळात सव्वादोन झाले होते. टेबलाच्या टोकाला एक खाकी पुडकं होतं, आठवडाभर तसंच पडलेलं. ते टिल्लूनं आणलं होतं. टिल्लू म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आता सेहेचाळीस वर्षांचा, ढेरपोट्या, पण नाव पडलं ते पडलं. घर बदलताना आईची पेटी उपसली त्यात सापडलं म्हणाला. “तुमच्या प्रदर्शनात घरच्या वस्तूंचा कोपरा आहे ना? मग हे लाव. आईनं फाटकंच जपून ठेवलंय, कमाल आहे. खाली पाटी लाव, याच फडक्यानं एका थोर माणसाचा कान घेतला.” आणि तो खदखदून हसला होता. प्रमुख बाईंनाही त्यानं ती गोष्ट रंगवून सांगितली होती, लहानपणापासून घरीदारी सांगत आलाय तशीच. ताई नऊ वर्षांची, मी सात महिन्यांचा. ताईच्या पाठीवर मी. फडकं फाटलं, मी खाली, दगडी पायरीवर. डावा कान कायमचा बंद. “पण माझं बरं आहे,” शेवटी तो हमखास म्हणायचा, “लोक एका कानानं ऐकतात नि दुसऱ्यानं सोडून देतात. माझा सोडायचा कानच बंद, त्यामुळे ऐकलेलं सगळं आतच राहतं.” सगळे हसायचे. ती पण हसायची. सदतीस वर्षं तरी हसत असेल.

फडकं फाटलं नव्हतं. ही एवढी साधी गोष्ट होती. फडकं फाटलं नव्हतं, गाठ सुटली होती. आईनं कामाला जाताना तिच्या छातीवर निरगाठ मारून दिली होती, दोनदा पिळून, वर शेपूट आत खोचून, आणि “सोडू नको गं, मी येईपर्यंत” म्हणाली होती. पण ती निरगाठ दिसायला कशी होती! मोठ्या आवळ्याएवढी, बोजड. शेजारच्या मुलीच्या वेणीला रिबिनीचं फूल होतं. मग तिनं भिंतीशी टेकून, टिल्लूला पाठीनं दाबून धरून, ती गाठ सोडली आणि तिथं फूल बांधलं, दोन पाकळ्यांचं, सुरगाठीचं. छान दिसत होतं. मग अंगणात जाऊन ती खडूच्या घरांतून लंगडी घालायला लागली. पाचव्या घरात तिची पाठ हलकी झाली. बस, एवढंच. आवाज नंतर आला. आधी पाठ हलकी झाली, इतकी हलकी की क्षणभर बरं वाटलं. तेच तिला कधी विसरता आलं नाही, ते बरं वाटणं. टिल्लू विसरला, कान विसरला, पण तिच्या पाठीला तो हलकेपणा अजून येतो, भाजी घेताना, बसमध्ये, रांगेत उभी असताना, आणि ती गर्रकन मागं वळून खाली बघते.

मग लोक जमले, आई आली, टिल्लूला उचलून डॉक्टरांकडे नेलं. ती दाराच्या मागं उभी होती. कुणी तिला काही विचारलं नाही. संध्याकाळी वडील येण्याच्या जरा आधी आतल्या खोलीतून चर्र असा लांब आवाज आला होता. आई टिल्लूच्या डोक्याला बांधायला चिंधी फाडत असेल, असं तिला वाटलं होतं. मग वडील आले, आणि आई शांतपणे म्हणाली, “फडकं फाटलं. जुनं झालं होतं. मीच बघायला हवं होतं.” ती दाराच्या मागं होती. ती बोलली नाही. नऊ वर्षांच्या पोरीनं काय बोलायचं, असं म्हणता येतं. पण पुढे ती दहाची झाली, वीसची झाली, लग्न झालं, केस पिकले. वडिलांनी त्या फाटक्या फडक्याचं खापर आईच्या डोक्यावर फोडलं ते जन्मभर. आईनं कशात मत दिलं की “तू गप बस, तुझी फडकी बघितलीत आम्ही.” पाहुण्यांसमोर. जेवताना. ती ताटाकडे बघत घास चावत राहायची, मूग गिळून, आणि आईही काही बोलायची नाही. आईचा तो नुसता गैरसमज झाला होता, तिला खरंच फाटलंय असंच वाटलं होतं, असं तिनं धरलं होतं. निदान आईला तरी माहीत नाही. या एका गोष्टीवर तिनं पंचेचाळीस वर्षं काढली होती.

टिल्लूबरोबर चालताना ती नेहमी त्याच्या डाव्या बाजूला असे. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी, भावाचा कान नाही त्या बाजूनं स्वतः चालते, गाडीबिडी आली तर बघायला. खरं कारण तिलाच ठाऊक. त्या बाजूला बोललेलं त्याला ऐकू जात नसे. दोनदा तिनं तिथं सांगूनही टाकलं होतं, एकदा त्याच्या लग्नात आणि एकदा आईला पोचवून परत येताना. “टिल्लू, गाठ सुटली होती रे.” तो मान वळवून उजवा कान पुढे करायचा. “काय म्हणालीस?” “काही नाही.” भेकड होती ती, दुसरं काय.

पुडकं उघडणं भाग होतं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक वस्तूचा तपासणीचा कागद प्रमुख बाईंच्या टेबलावर हवा होता. त्यात रकाने असत: लांबी, रुंदी, डाग, नुकसान, नुकसानीचं कारण. तिनं हातमोजे चढवले आणि सुतळी सोडली. फिकट निळं सुती कापड, काठाला पांढरी रेघ. वास नव्हता, म्हणजे होता, पेटीचा होता. तिनं ते टेबलावर पसरलं, दिवा खाली ओढला, भिंग घेतलं. हात कामाला लागले की मन जरा बाजूला होतं, हा तिचा अनुभव. मधला भाग, जिथं मूल बसतं, थोडा विरला होता पण अखंड. खांद्यावरून येणारे दोन्ही पट्टे अखंड. गाठ बसायची त्या जागी दोन्हीकडे खोल चुरगळ, धागा एकही तुटलेला नाही. मग फाटलंय कुठं? फाटलं होतं ते पार टोकाला. गाठीच्या पलीकडे जे टोक नुसतं लोंबतं, ज्याच्यावर कधी चिमणीएवढंही वजन येत नाही, तिथं. हातभर लांब, आडव्या धाग्याला धरून सरळ, पट्टीनं आखल्यासारखं. वजनानं फाटलेलं कापड असं फाटत नाही. ते आधी विरतं, मग वेडंवाकडं जातं, कडेला धाग्यांची लव सुटते. तिनं भिंग काठावर आणलं. पांढऱ्या रेघेत बोटाच्या पेराएवढा छेद होता, आणि तिथले सगळे धागे एका पातळीवर संपले होते. कात्री. आधी कात्रीनं काठ कापला होता, आणि पुढे दोन हातांनी फाडलं होतं.

चर्र.

मग तिला चिंधी आठवली. डोक्याला बांधायला फाडली असेल, घाई होती, जे हाताला लागलं ते फाडलं असेल. क्षणभर ती त्या चिंधीलाच धरून बसली. तिनं फाटलेल्या दोन्ही कडा बोटांनी जवळ आणल्या. कड कडेला लागली, रेघ रेघेला लागली. मध्ये काही कमी नव्हतं. या फडक्यातून चिंधी कधी निघालीच नव्हती. ते फक्त फाटलेलं दिसावं म्हणून फाडलं होतं, वडिलांची पावलं ऐकू यायच्या आत, आतल्या खोलीत, एका बाईनं. पोरीनं गाठ सोडली हे त्या बाईला माहीत होतं. कुणी सांगितलं नसेल, फडकं हातात घेताच कळलं असेल. दोन्ही टोकं सुटी आणि सबंध. आणि वडिलांचा हात कसा चालतो हेही तिला माहीत होतं. म्हणून तर दे इकडे, तू बस. हौस नव्हती ती. पोरीच्या हाताला भीती बसलीय हे तिला ठाऊक होतं, आणि ती जन्मभर ओले हात पुसत धावत येत राहिली. आणि “तुझी फडकी बघितलीत” ऐकत राहिली. आणि समोर बसून घास चावणाऱ्या मुलीकडे तिनं एकदाही, एकदाही रोखून बघितलं नाही.

हातमोज्याच्या पाठीनं तिनं डोळे पुसले, जे करायला तिनं किती शिकाऊ मुलींना रागावलं होतं. मग पेन घेऊन कागदावर लिहिलं: नुकसान: एका टोकाला काठावर कात्रीचा छेद, पुढे हातानं फाडलेलं, वजन पेलणारा भाग पूर्ण शाबूत. कारणाचा रकाना रिकामा राहिला.

साडेतीनला दार उघडलं ते वाऱ्यासारखं. मुलगी पुढे, इस्त्रीचे कपडे, एका खांद्यावर ठमी, दुसऱ्यावर पिशवी. “मामा खाली गाडीत आहे, गाडी लावायला जागा नाही. मला सोडून येतोय तो इकडेच. दूध पिशवीत. तिची झोळी घरी राहिली गं, घाईत राहिली. नुसती फिरवलीस तरी झोपते, पण खाली ठेवलं की...” ती थांबली. आईच्या चेहऱ्याकडे बघितलं. “आई. जमेल?”

“दे इकडे,” ती म्हणाली.

शब्द तोंडातून गेल्यावर तिचे तिलाच ऐकू आले. ठमी हातात आली, गरम आणि वळवळती, वाळूहून कितीतरी जड वाटणारी. मुलगी दारापर्यंत गेली, एकदा वळून बघितलं आणि गेली. जिन्यावरून तिच्या चपलांचा आवाज खाली गेला. मग ठमीनं भोकाड पसरलं.

तिनं बसून बघितलं. मांडीवर हलवून बघितलं. दूध दिलं, ते थुंकलं. ठमीचं तोंड लाल झालं, मुठी वळल्या, श्वास मध्येच अडकून पुढची किंकाळी दुप्पट मोठी यायला लागली. सुतार डोकावला. “बाई, उभ्या राहा. बसलेल्याला मुलं दाद देत नाहीत. येऊ का मी धरायला?” “नको,” ती म्हणाली. “तुम्ही ते पॅकिंगचे फोमचे तक्के इथं खाली टाका.” त्यानं टाकले आणि परत गेला. टेबलावर संग्रहालयाची शंभर फडकी होती आणि त्यांतलं एकही वापरायचं नव्हतं. वापरता येण्याजोगं एकच, सरावाचं, नवं कोरं, मघाशी पुतळ्याच्या पाठीवरून बाहुली पाडणारं. ते पुतळ्याच्या छातीवर अजून लोंबत होतं. तिनं हात लावला आणि थबकली. टोकांना अर्धवट सुटलेल्या दोन पाकळ्या होत्या. बांधताना तिचं लक्ष नव्हतं. हातांनी आपण होऊन फूल बांधलं होतं, अजूनही, चोपन्नाव्या वर्षी.

ती तक्क्यांवर गुडघे टेकून बसली. ठमीला छातीशी उभं धरलं, फडक्याचा मधला भाग तिच्या पाठीवरून घेतला, मानेपर्यंत वर. दोन्ही पट्टे आपल्या पाठीमागं नेऊन उलटसुलट केले, पुढे आणले, ठमीच्या बुडाखाली. महिनाभर हेच ती पुतळ्यांवर करत होती. पुतळे ओरडत नाहीत. घामानं बोटं निसरडी झाली होती, एक पट्टा सुटला, पुन्हा धरला. आवळ. अजून आवळ. ठमीनं तिच्या गळ्यावर ओलं तोंड घासलं. मग गाठ. एक पीळ. दुसरा पीळ. ओढून, शेपूट आत. मोठ्या आवळ्याएवढी, बोजड, कुरूप गाठ, डोळ्यांसमोर. एक हात ठमीच्या डोक्यावर, एक बुडाखाली ठेवून ती उठली. उभी राहिली. फरशीची पाच घरं मोजून चालली. मग खालचा हात काढला. थांबली. वरचा काढला. पाठीत तो हलकेपणा आला, यायचाच होता, गार आणि ओळखीचा. पण पुढे वजन होतं. ते खाली गेलं नाही. ती चालत राहिली, टेबलाच्या कडेनं, फळीजवळून, कोटाजवळून, त्या फोटोजवळून, आणि पंधराव्या फेरीला ठमीचं रडणं हुंदक्यावर आलं, विसाव्या फेरीला नुसता श्वास उरला, तिच्या गळ्याच्या खळगीत.

टिल्लू आला तेव्हा ती खिडकीपाशी होती. किल्ल्या बोटात फिरवत तो दारातच उभा राहिला. त्याचं तोंड उघडंच राहिलं, मग पसरलं.

“अरे वा! ताई! फोटो काढू का? तुझी लेक बघेल तर चक्कर येऊन पडेल.” तो टेबलाशी आला, निळं फडकं बघून त्यावर टिचकी मारली, आणि सवयीनं त्याच्या तोंडून ते आलंच: “फडकं नीट बघून घेतलंस ना पण? मजबूत आहे ना? आपल्या घराण्यात...”

ती त्याच्याजवळ गेली होती, नेहमीप्रमाणे डाव्या बाजूला. तिथं सगळं किती सोपं होतं. तिनं गाठीवर हात ठेवला, आणि टेबलाला पूर्ण वळसा घालून, ठमी जागी होणार नाही अशा बेतानं, त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. तो चकित होऊन तिच्याकडे बघत होता.

“टिल्लू,” ती म्हणाली, “फडकं तेव्हाही मजबूतच होतं.”